पेटीचं दार

मधमाशी चावली की मधकाकू त्या माशीचीच कीव करायच्या. "मेली बिचारी, माझ्या नादी लागून!" परसात सात पेट्या होत्या त्यांच्या. सकाळी चहाआधी प्रत्येक पेटीला कान लावायच्या. नवरा चिडवायचा, "माझी विचारपूस आठव्या नंबरावर!" तो गेला, पण कान लावणं सुटलं नाही.

कुंपणापलीकडे दिरांचं सूर्यफुलाचं शेत. औषध मारायचं असलं की ते आदल्या संध्याकाळी सांगायचे. मग काकू पेट्यांच्या दारांत ओली फडकी कोंबायच्या आणि माश्या दिवसभर पेटीतच. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी पंपाचा आवाज थांबला. माश्या उकाड्याने कावल्या होत्या. काकूंना राहवेना. झाली फवारणी, असं म्हणत त्यांनी फडकी काढली. फुलं औषधाने अजून ओली होती.

संध्याकाळी अंगणात माश्यांचा सडा पडला होता. ऐन फुलोऱ्यात फवारल्याची चूक दिरांनी कबूल केली नाही आणि काकूंनी त्यांच्यावर ढकललीही नाही. दार स्वतःच्याच हाताने उघडलं होतं ना!

त्यानंतर माश्यांवाचून शेतातल्या फुलांत दाणा भरेना. आता फुलोऱ्यात काकूच हाताला तलम फडकं गुंडाळून एकेका फुलावरून फिरवतात. "सात पेट्यांचं काम एकटी करते, फक्त उडता येत नाही," असं हसून सांगतात. पण घरात फ्रीज घरघरला तरी त्यांचे हात थांबतात. पेट्यांतली ती गुणगुण त्यांना फार हवी आहे.

सहा पेट्या त्यांनी देऊन टाकल्या. एक ठेवली. नवं मोहोळ यावं म्हणून दरवर्षी तिला आतून मेण चोळतात.

आज सकाळी त्या पेटीत पाच-सहा माश्या आत-बाहेर करत होत्या. घर बघायला आलेल्या. त्यांना पसंत पडलं तर मागून अख्खं मोहोळ येणार! काकूंचे डोळे भरून आले.

"वहिनी, अळी पडलीय. उद्या औषध मारतो," कुंपणाशी येऊन दीर म्हणाले.

"चार दिवस थांबा ना, भाऊजी. बघा, कोण आलंय!"

दिरांनी कुंपणावरून वाकून पेटीकडे पाहिलं. "मी थांबेन हो. पण बाकीचे?"

लांबून दोन पंपांचा आवाज येत होता.

काकूंनी पेटीवर टकटक केली. शेवटची माशी बाहेर येईपर्यंत थांबल्या. मग हातावरचं फडकं सोडून दारात घट्ट कोंबलं. एक माशी फडक्यावर फिरून फिरून वाट शोधू लागली.

"जा गं बाई, लांब जा," काकू म्हणाल्या, "इथं जागा नाही."