दोन्ही हात दाखवा

माणसाला घाबरायला शिकवणारा मास्तर साऱ्या बेळगावात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. रिक्रुटांना बंदूक खोलायला आणि जोडायला शिकवण्यात मामांची पलटणीतली सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर ते आमच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर नवी माणसं तयार करू लागले. पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरून शेवग्याची शेंग आणायची, हा त्यांचा दंडक. ती चिमट्यात धरून मामा प्रेसखाली घालत. शेंगेचा चेंदामेंदा झाला की विचारत, "ह्यो कुणाचा हात?" "माझा, मामा," असं खणखणीत उत्तर येईपर्यंत धडा पुढे सरकत नसे. आमच्याकडे आले की कुकरची शिट्टी होताच ते हिला तीन पावलं मागे घेत. आम्ही पोट धरून हसायचो.

यंदा कारखान्यात टॅब आले. ज्याने त्याने आपल्या गतीने शिकायचं. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न. ते मागवायच्या कागदावर सही माझीच होती. मामांनी मुद्दाम चुकीचं उत्तर दाबलं, तर पडद्यावर आलं, 'पुन्हा प्रयत्न करा.' त्यांचा चेहरा उतरला.

"पुन्ना? हात काय पुन्ना उगवतोय व्हय, जावईबापू?"

मी समजावलं, यात कुणी ओरडत नाही, हळू शिकणाऱ्याला लाज वाटत नाही. ते खरंही होतं.

"त्येचंच लई भ्या वाटतंय," मामा म्हणाले.

लोंढ्याहून येणाऱ्या एका नव्या माणसाने रेल्वेत बसल्या बसल्या सगळे पाठ संपवले, पैकीच्या पैकी. चौथ्या दिवशी पत्रा अडकला आणि त्याने चालू प्रेसमध्ये हात घातला. मागे उभ्या असलेल्या मामांनी त्याला कॉलर धरून ओढलं. नुसता हातमोजा आत राहिला. मी वरच्या ऑफिसच्या जिन्यावरून हे बघत होतो. मामांनी हळूच विचारलं, "पत्रा अडकला तर पयलं काय करायचं?"

"स्विच बंद," तो लगेच म्हणाला. उत्तर त्याला पाठ होतं.

अपघात झालाच नाही, म्हणून कागदावर काही आलं नाही. टॅब राहिले, मामांचं काम गेलं. तेव्हापासून खालून कुणी जोरात हाक मारली तरी मी हातातलं टाकून जिन्याकडे धावतो.

मामा आता सुटीच्या वेळी गेटासमोरच्या चहाच्या गाड्यापाशी उभे असतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे हात बघतात. मी टेबलावर बसणारा माणूस, तरी निघताना डबा काखेत मारतो आणि दोन्ही हात त्यांना दिसतील असे धरतो. ते मान हलवतात. मग शेवटचा माणूस बाहेर पडला की गार झालेला चहा पितात.