लाडू न घेणारा पोलीस

बेसन भाजल्याचा वास आला की मला टोकियोतली पोलीस चौकी आठवते. मुलगा तेव्हा तिथल्याच तोयोसू भागात कॉम्प्युटरच्या नोकरीला होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला गेलो होतो. हिची पर्स ट्रेनमध्ये राहिली, पासपोर्टसकट. दुसऱ्या दिवशी चौकीतल्या तरण्या पोलिसानं ती जशीच्या तशी हातात दिली. हिनं घरी येऊन लाडू वळले आणि डबा घेऊन मला पुन्हा चौकीत नेलं. तो पोलीस उठला, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी डबा मागं सरकवला. हिनं तीनदा पुढं केला, त्यानं तीनदा मागं. कान लाल झाले बिचाऱ्याचे. बाहेर आल्यावर ही हसली. "अहो, हा लाडूसुद्धा घेईना. आणि तुम्ही..." एवढं बोलून पुढं चालू लागली. मीपण पोलिसातच होतो. लाच घेताना अँटी करप्शनच्या माणसांनी पकडलं, नोकरी गेली. पोलीस लाइनीतली खोली सोडताना सगळ्या बायांच्या डोळ्यांदेखत भांडी हिनंच डोक्यावरून नेली. पण त्यावरून मला कधी एका शब्दानं बोलली नव्हती. मग कालव्याकाठच्या बाकावर बसून आम्हीच लाडू खाल्ले. मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "तूप कमी पडलंय." ही म्हणाली, "खा गुपचूप." आता ती नाही. त्या दिवशी पुढचं बोलून तिनं मला चांगलं धुऊन काढायला हवं होतं. मी मान खाली घालून ऐकलं असतं, आणि तेवढाच तिचा आवाज जास्त ऐकायला मिळाला असता.