गाळपेरातले पांढरे दगड

चालता चालता बाई एकदम तळहात जमिनीकडे दाबायच्या, आणि मागची सगळी वरात असेल तिथं खाली बसायची. एकदा त्या वरातीत शाळा तपासायला आलेले साहेबही होते. इस्त्रीच्या पँटनिशी तेही चिखलात बसले. "हळू, इथं कुणीतरी राहतं," बाई कुजबुजल्या. समोर पाणकोंबडी पिल्लं घेऊन लव्हाळ्यात शिरत होती.

सोनईच्या पलीकडच्या आमच्या छोट्या शाळेत बाई मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक मास्तर. बाई मूळच्या भिंगारच्या. वडिलांनी लष्करी छावणीच्या लिलावातून घेतलेली जुनी दुर्बीण त्यांच्या गळ्यात असायची. तिच्या एका डोळ्यातून नुसतं धुकं दिसायचं. सकाळची शाळा असली की निम्मा वर्ग गावतळ्यावर भरायचा. धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातातही बाई दुर्बीण द्यायच्या आणि म्हणायच्या, "बघा हो काकू, नवी शेजारीण कोण आलीय." मला चिखलाचं वावडं, पण मुख्याध्यापिकेपुढे बोलतो कोण?

बहात्तर सालचा उन्हाळा आला. आधीचा पाऊस बेतानंच झाला होता, त्यामुळे तळं पार आकसलं होतं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात ओल आहे तोवर पेरून घ्यायचं, ही आमच्याकडची गाळपेर. त्या वर्षी बैलांचा चारा तिच्यावरच व्हायचा होता, आणि नेमकी त्याच गाळात शेकाट्यांनी अंडी घातली. लांब लाल पायांचा हा पक्षी घरटं म्हणून चार काड्या मांडतो, अंडी चिखलाच्याच रंगाची. औत हाकणाऱ्याला ती दिसणार कशी? म्हणून बाईंनी मुलांकडून प्रत्येक घरट्याभोवती दगडांचं रिंगण करून घेतलं आणि शाळा रंगवून उरलेला चुना त्या दगडांना फासला. अंडी कुणी पळवू नयेत म्हणून घरी काही न बोलण्याची ताकीदही मुलांना दिली.

झालं! गावानं पांढरे दगड पाहिले आणि सरकारी मोजणी झाली असंच धरून चाललं. तेव्हा कालव्यांसाठी ठिकठिकाणी जमिनी जात होत्या. चुना फासलेला दगड दिसला की माणूस आपली जमीन गेलीच समजायचा. किसननानांचा तुकडा सगळ्यात ओला, आणि दगडही तिथंच जास्त. त्यांनी औत सोडून ठेवलं आणि मोजणीच्या साहेबांचे पाय धरायला धुतलेलं धोतर नेसून तालुक्याला निघाले. बाईंनी सोबत येऊन चार शब्द बोलावेत, एवढं सांगायला ते वाटेत शाळेत आले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प राहिल्या तर अंडी वाचणार, पण नानांची पेरणी बुडणार. खरं सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी घरट्यांवरून औत फिरणार. सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मला विचाराल तर त्यांनी गप्प बसावं असंच वाटत होतं. बाईंनी सगळं सांगून टाकलं.

नाना उंबऱ्यावरच बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर थापटली.

"ऱ्हाऊ द्या ती दगडं," ते म्हणाले. "सरकारला भिऊन रान सोडलं म्हनलं तर घरी बायकू हसंल. पाखरांपायी सोडलं म्हनलं, तर जेवाय तरी वाढंल."

वर्ग खदखदून हसला. बाईंना हसता हसता रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

नानांनी रिंगणं सोडून बाकीचं पेरलं. पिल्लं अंड्यातून निघाली आणि लगोलग पाण्याकडे धावत सुटली. तेव्हा नाना वर्गाच्या दारात येऊन आता त्या रिंगणांतही पेरू का, म्हणून मुलांनाच विचारून गेले. मुलांनी एकमतानं परवानगी दिली. ओल उडालेली होती, तिथं काहीच उगवलं नाही. नानांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी, ऐन दुष्काळात, बाईंची बदली झाली. गाव पाथर्डीच्या बाजूचं, उघड्या माळावरचं. नंतर बाजारात नाना भेटले, आणि तिकडं बाईंना तळं आहे का, हेच त्यांनी आधी विचारलं. तळं नाही, असं मी सांगितलं. नाना पिशवी खाली ठेवून उभे राहिले.

"मास्तर, तुमी लिव्हनारी मानसं," ते म्हणाले. "दुष्काळी कामं निघालीच हायती, तवा तिथं एखादं तळं खना म्हनावं सरकारला. बाईंना लागंल."