लिंबाची पानं

स्वान निओला घरात स्वस्थ बसलेली कुणी पाहिली असेल तर त्याने पुढे यावं. बाईच्या पायाला भिंगरी. नवरा गेल्यापासून वीस वर्षं जाकार्तातल्या ग्लोडोकच्या बाजारात ती खारवलेल्या मोहरीच्या पाल्याचं दुकान मांडते, पण गिऱ्हाइकालाच तिला शोधत हिंडावं लागतं. सगळा बाजार तिला एन्सिम, म्हणजे काकू, म्हणतो. एकुलती एक मुलगी मेलिन मात्र बापावर गेली, शांत.

त्या रविवारी मेलिनच्या होणाऱ्या सासरची माणसं पोन्तियानाकहून, समुद्र ओलांडून, दारू, केक, संत्री अशा लग्नाआधीच्या आहेराची बारा लाल ताटं घेऊन आली. मुलीकडच्यांनी त्यातलं अर्धं ठेवायचं, अर्धं परत पाठवायचं, हा चिनी वाडवडिलांचा रिवाज. सगळं ठेवून घेतलं तर मुलगी कायमची देऊन टाकली असा अर्थ. मग तिच्या संसारात बोलायचं नाही, तिचा उंबरा चढायचा नाही.

पाहुणे समोरच्या खानावळीत माडीवर जेवायला बसले, तशी स्वान निओ ताटं बघायला घरी धावली. ताटं रिकामी!

“ताई, सगळं वाटून टाकलं,” धाकटी बहीण लान घाम पुसत म्हणाली. “अख्ख्या गल्लीला. आता कोण नावं ठेवतंय बघू.”

“अगं भवाने, अर्धं परत द्यायचं असतं!”

“मला काय माहीत? मी पळून जाऊन लग्न केलं. माझ्यासाठी कोण ताटं घेऊन आलं होतं?”

भांडायलाही सवड नव्हती. वाटलेलं परत मागायचं तर तोंड काळं. माडीवर एव्हाना मासा आला असेल. शेवटचं गोड खाल्लं की पाहुणे ताटं उचलणार. स्वान निओ बाजारात घुसली. दारू काढेवाल्या लिमकडे मिळाली. केकवालीकडे थरांचा एकच केक उरला होता, तोही कुणीतरी सांगून ठेवलेला.

“गिऱ्हाईक आलं तर काय सांगू, एन्सिम?”

“सांग, स्वान निओने पळवला.”

फळवाल्याकडे संत्री होती, पण बोडकी. पोन्तियानाकच्या संत्र्यांना देठ होते, हिरवीगार पानं होती. बाई सूपवाल्याच्या गाड्यावर झडप घालून त्याच्या टोपलीतली लिंबाची पानं ओरबाडू लागली.

“अहो एन्सिम! मी सूपात काय घालू?”

“पाणी घाल. तसंही कुणाला कळत नाही!”

घरी येऊन दोघी बहिणींनी लाल दोऱ्याने एकेक पान संत्र्याला बांधलं. चारचौघांत हसं होईल याची स्वान निओला पर्वा नव्हती. आयुष्यभर लोकांना हसवतच आली होती. पण मेलिनचं पहिलं बाळंतपण होईल आणि आपण इथे पाला खारवत बसू, हे तिला सोसवत नव्हतं.

शेवटची गाठ बसते न बसते तोच विहीणबाई दारात. त्यांनी ताटांवर नजर फिरवली, एक संत्रं उचललं, नाकाशी नेलं. मग पान बोटांत चुरगाळलं.

“विहीणबाई, हे तर लिंबाचं पान.”

स्वान निओ जन्मात पहिल्यांदा एका जागी उभी राहिली. “बहिणीने चुकून सगळं वाटलं हो,” ती कशीबशी म्हणाली. “मी मुलगी देऊन टाकलेली नाही. मला येऊ द्या तिच्याकडे.”

विहीणबाईंनी संत्रं परत ताटात ठेवलं.

“माझ्या आईने सगळं ठेवून घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम. आम्ही सहा बहिणी. एकतीस वर्षं झाली, माझं घर तिने पाहिलेलं नाही.”

मग दारातल्या आपल्या माणसांकडे वळून त्या खेकसल्या, “बघत काय उभे राहिलात? उचला ताटं. आणि नीट धरा, एकही पान गळता कामा नये.”