खिशातला फ्यूज

सरकारी सौरऊर्जा कंपनी काढावी की नाही, यावर संसदेत चर्चा चालली आहे आणि बाबा टीव्हीला कान लावून बसले आहेत. आमच्या गच्चीवरचे सोलर पॅनल तीन आठवडे बंद आहे. तक्रारीच्या नंबरवर मशीन बोलते.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर चढण्याआधी ते डीपीतला, म्हणजे रस्त्यावरच्या वीजपेटीतला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवत, म्हणजे चुकून कुणी वीज सुरू करायला नको. एका दुपारी काम उरकून ते फ्यूजसकट घरी आले आणि जेवायला बसले. थोड्या वेळाने पिठाच्या गिरणीवाल्या काकू दारात उभ्या.

"भाऊ, आमची लाइट जेवायला घेऊन आलात होय?"

बाबांनी खिसा चाचपला. कान लाल झाले. हात न धुताच ते सायकलवर बसले, आणि आईने हसत हसत ताट झाकले.

टीव्हीवर एक खासदार खर्चाविषयी बोलतात, दुसरे देशाच्या अभिमानाविषयी.

"अहो, बिघडलं तर येणार कोण, ते विचारा की!" बाबा ओरडतात.

कुणी विचारत नाही. कामकाज उद्यावर जाते.

तेव्हा लाइट रोज जायची, हे मी विसरलेले नाही. पण ती गेली की भांडायला एक दार होते आणि दाराआड लाज वाटणारा माणूस होता. नव्या कंपनीकडून मला तेवढेच हवे आहे.