डॉक्टरीणबाईंची नोंद

बातमी आली तेव्हा मी बेलापूरला ऑफिसात होतो. "दादा गेला..." फोनवर सुनंदा, माझी बायको, एवढंच म्हणाली. भास्करदादा तिचा थोरला भाऊ. अशा वेळी मनात काय यावं हे आपल्या हातात नसतं, पण माझ्या मनात आलं ते लाज वाटण्यासारखंच होतं... डॉक्टरीणबाईंचा भाग बघायचा राहिला!

या डॉक्टरीणबाई अंतराळात राहतात. दादाला एका परदेशी अंतराळमालिकेचं वेड होतं. पहिलीतून दुसरी मालिका निघाली, दुसरीतून तिसरी. यानं वेगळी, माणसं वेगळी, विश्व मात्र एकच. मधूनच एकीतलं पात्र दुसरीत येऊन उभं राहायचं, आणि दादा डोळे लावून बसायचा तो त्यासाठी. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याने आयुष्यभर मशीनचे सुटे भाग तपासले होते. निवृत्त होताना तिथलं एक कोरं तपासणी रजिस्टर तो मागून घेऊन आला आणि त्यात या पाहुण्या पात्रांच्या नोंदी करू लागला. कुठून आलं, कुठे बसवलं, फिटिंग कसं: ओके, लूज की रिजेक्ट. शेवटी दोन सह्या, तपासणारा तो आणि पडताळणारा मी. मतं जुळली नाहीत तर भाग पुन्हा एकत्र बघायचा, मगच सही. नुसतं ओळखीचं तोंड दाखवायला आलेलं पात्र तो निर्दयपणे रिजेक्ट करी. "पाहुणे," लातूरकडे बहिणीच्या नवऱ्याला अशीच हाक मारतात, "हा बाबा आला कशाला? काढून टाकला तरी मशीन चालतंय की!"

दर शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या सीवूड्सच्या घरी जायचो. एकदा मला राहवलं नाही, भाग आधीच चोरून बघितला. शनिवारी चेहरा अगदी निष्पाप ठेवला. पण दुसऱ्या मालिकेतला म्हातारा कॅप्टन दारातून येणार, त्याच्या आधीच मी हातातला कप खाली ठेवून सरसावून बसलो. दादाने टीव्ही थांबवला.

"पाहुणे, कप का ठेवला?"

"चहा संपला."

"भरलेला हाय."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "सापडले का दाजी?" पुढचे दोन शनिवार मला बिनसाखरेचा चहा मिळाला.

डॉक्टरीणबाई पहिल्या मालिकेतल्या. शेवटच्या भागात रुग्णांसाठी त्या एका ओसाड ग्रहावर मागे राहिल्या आणि मालिकाच संपली. दादाच्या जिवाला ते कायमचं लागलं होतं. "त्या बाईला कुणी आणायला गेलं का नाही हो?" जेवतानासुद्धा विचारायचा. आता त्या तिसऱ्या मालिकेत येणार असं कळलं, आणि नेमका त्याच आठवड्यात दादा हॉस्पिटलात.

"घरी आलो की बघू," पलंगावरून म्हणाला. "एकट्याने बघायचं नाही."

"सुनंदाची शपथ!"

"माझ्या बहिणीला मधे आणू नका. स्वतःची घ्या."

घेतली. आणि दादा गेल्यावर सहा आठवडे पाळलीही. एकट्याने बघायची हिंमतच होत नव्हती, हे जास्त खरं. मग परवा वहिनींनी बोलावून घेतलं. हॉस्पिटलची पिशवी रिकामी करताना त्यांना रजिस्टर सापडलं होतं. शेवटची नोंद थरथरत्या अक्षरात: 'डॉक्टरीणबाई. पहिलीतून तिसरीत. फिटिंग ओके.' त्यापुढे सही. खाली बारीक अक्षरात: 'पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच बघतोय असं दाखवणे. कप लक्षात ठेवणे.'

लबाड! वहिनींच्या मोबाइलवर बघून मोकळा झाला होता. मी इतका हसलो की वहिनी आधी घाबरल्या, मग त्याही हसू लागल्या... बाईंना आणायला कुणीतरी गेलं, हे त्याला कळलं होतं तर!

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी तो भाग बघितला. यानाचं दार उघडलं, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या आणि औषधांचं कपाट कुठे आहे ते विचारून थेट कामाला लागल्या. दार उघडेपर्यंत कप मी हातातच धरला होता.

मग रजिस्टर पुढे ओढलं आणि दादाच्या 'ओके'शेजारी लिहिलं, 'लूज'.

"डोळे पुसत लूज लिहिताय, दाजी?" वहिनी म्हणाल्या.

फिटिंग फर्स्ट क्लास होतं. पण आमची मतं जुळली नाहीत की भाग पुन्हा एकत्र बघायचा असतो. तोवर मी सही करत नाही.