वत्सलाबाईने मोटारीला झोळी बांधली

मी वाती वळत होते. निम्म्या झाल्या होत्या, तेवढ्यात वत्सलाबाई दारात. "वहिनी, एक जुनी गोधडी द्या. पियानोला पाहिजे."

वत्सलाबाई देवळालीतल्या आमच्याच आळीतली. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालण्यात तिचं आयुष्य गेलं. माझी लेकरंही तिच्याच पायांवर न्हायली. अठ्ठ्याण्णव साली गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून ती पारशी फ्रेनीबाईंच्या बंगल्यात स्वयंपाकाला. फ्रेनीबाईंची बोटं संधिवाताने आखडलेली, पण त्यांचा जुना पियानो आपोआप वाजे. आत भोकं पाडलेला कागद फिरतो, विजेची मोटार हवा ओढते, पट्ट्या आपसूक दबतात. मोटारीची घरघर मात्र अशी, की गाणं कमी आणि पिठाची गिरणी जास्त. बाईंचा मुंबईचा पुतण्या वैतागला. रविवारी टेम्पो आणतो, पियानो विकून टाकतो म्हणाला. फ्रेनीबाईंनी जेवण सोडलं.

"बाईंना तेवढंच सुख हाय. मी नाय नेऊ देत," वत्सलाबाई म्हणाली.

तिने मोटार माझ्या गोधडीत लेकरासारखी गच्च गुंडाळली. आवाज दबला खरा, पण थोड्याच वेळात जळका वास सुटला. मोटारीला वाराच मिळेना.

बंगल्यात मुक्कामाला असलेला पुतण्या हसला. "आता बाळंतविडाही करा."

"करते की. नाव ठेवायला आत्या म्हणून तुम्ही बसा."

संध्याकाळी ती हे सांगायला आली, तेव्हा मी म्हटलं, "देवाच्या मनात नसेल, तर राहू द्या."

"देवाला मधे आणू नका, वहिनी. त्यानं कुठं नाय म्हटलंय?"

मला ते लागलं. तरी रामरायाला हात जोडून मी तिच्याबरोबर गेले. तिने चालू पियानोवर तळहात ठेवला. सगळं लाकूड थरथरत होतं.

"मोटार याच्या अंगाला जखडलीय. गुंडाळून काय होणार? झोळीत घालू."

वायरमनला बोलावून तिने मोटार सोडवून घेतली. स्टूल उलटं करून तिने चारी पायांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या आणि मधोमध मोटार टांगली. पियानोपर्यंत फक्त रबरी नळी. चहूकडून वारा मोकळा.

रविवारी टेम्पो आला तेव्हा पियानो वाजत होता.

"घरघर आहेच अजून," पुतण्या म्हणाला.

"माणूसबी घोरतंच. त्याला कोणी विकतं का?"

फ्रेनीबाईंनी मान वर केली. "टेम्पो परत पाठव. माझं गाणं चाललंय."

टेम्पो रिकामा गेला. त्या दिवशी फ्रेनीबाई धानसाक पोटभर जेवल्या.

गोधडीत कोंडलेल्या आचेने मोटारीचे कार्बन, म्हणजे आत घासणारे कोळशाचे ठोकळे, मात्र झिजलेत. वत्सलाबाईला उद्या नवे आणायला नाशिकरोडला जायचंय.